यल्लाप्पानं न सोडलेली राखण

शामूआण्णा, वात जरा मोठी करा. हां. आता ऐका, आन् मधी बोलू नगा.

लढाईच्या सालात गुंजीच्या रानात मँगनीजची खाण हुती. मालक गोरा हुता, पर आत जायाचं का न्हाय ते आमचा राखणदार ठरवायचा. त्याला आमीच निवडायचो. ज्याच्या म्होरं जास्ती खडं पडतील, त्यो राखणदार. सकाळी त्यानं एकट्यानं आत जायाचं, पहारीनं वरचा दगूड ठोकायचा. खणखणला तर "या रंऽ" म्हणायचं, बद्द वाजला तर मागं फिरायचं. राखण नगो झाली तर खाणीच्या तोंडाशी हुबं ऱ्हाऊन "सोडली" म्हणायचं. त्याबिगर दुसरा निवडायचा न्हाय.

यल्लाप्पा राखणदार असतानाच दरडीखाली गेला. मढंबी गावलं न्हाय. मुकादम घायकुतीला आलता. म्हणाला, "मेलेला कशाचा सोडतोय? टाका खडं!" टाकलं की आमी, लई शानी माणसं! राखण माझ्या गळ्यात पडली.

पयल्या दिवशी कंदील घिऊन आत गेलो. माझी बायकू नागू बायामाणसांत बाहीर थांबलेली. आत वल्ल्या मातीचा वास, आन् त्यात कायतरी कुजल्यावानी. पहार मारली. बद्द. परत मारली. बद्दच. मागं वळणार, तवर खाण जिथं संपती तिथनं, अंधारातनं हाक आली...

"या रंऽ..."

यल्लाप्पाचा आवाज! बाहीरनं पावलं वाजाया लागली. सगळ्यांच्या म्होरं नागूच. "माघारी फिरा!" मी बोंबलत पळालो, तिला दंडाला धरून फरफटत बाहीर काढली. मागं डोंगूर खाली बसला. माणसं तेवढी वाचली.

"कशापाई आत आलीस गं?"

"तुमीच हाक मारलासा न्हवं..."

"त्यो यल्लाप्पा हुता."

"न्हाय वो... तुमचाच आवाज."

मी तितंच "सोडली" म्हणून वरडलो. खाण मिटली. आमी उचगावला ऱ्हायाला आलो. पर भ्या काय जाईना, आण्णा.

आजून पहाटं मी तोंड मिटून पडलेला असतोय. नागू झोपंतच उठती, दार उघडती, गुंजीच्या वाटंला लागती. मी पळत जाऊन हात धरतोय. ती माझ्याकडं बघतबी न्हाय. लांब रानाकडं तोंड करून हळूच म्हणती...

"आले वो... किती हाका मारताय?"