खडपावरची वकिली

आश्विनातली ती पहाट वादळाने धुऊन काढलेली होती. मकरगडाच्या तटाला भिडणाऱ्या लाटा अजून शांत झाल्या नव्हत्या, आणि बंदराच्या तोंडाशी, जिथे ओहोटीला काळे खडप उघडे पडते, तिथे मस्कतचे एक गलबत कुशीवर कलंडून अडकले होते. रात्रीच्या तुफानात त्याची माणसे पोहत किनाऱ्याला लागली, आणि लागली ती थेट गडाच्या बंदीखान्यात गेली.

बंदराचे जकातदार केसोपंत आपल्या चौथऱ्यावरून त्या गलबताकडे बघत उभे होते. पंत माणूस सरळ, पण भित्रा. त्यांनी आयुष्यात खोटी जकात घेतली नाही, आणि आयुष्यात कुणा वरिष्ठाला 'नाही' म्हटले नाही.

सूर्य वर आला तशी सदर भरली. हवालदार रायाजी सुर्वे गादीवर बसले होते. गलबतात तांबे आहे ही बातमी त्यांच्या कानी आली होती, आणि तेव्हापासून त्यांचा चेहरा फारच धार्मिक झाला होता.

"फुटलं गलबत गडाचं, ही पूर्वापार चाल," ते म्हणाले. "माल सरकारजमा होईल. माणसं दर्यापार विकली जातील."

परदेशी सावकारांची बाजू मांडणारे रवळो शेणवी पुढे झाले. मस्कत, बसरा, एडन, कुठलाही व्यापारी या बंदरात माल उतरवी तो शेणव्यांच्या भरवशावर. इतकी वर्षे ते आणि केसोपंत चौथऱ्यावर समोरासमोर बसून खजुराच्या प्रतीवरून आणि रेशमाच्या मापावरून कडाकडा भांडले होते, आणि भांडण संपले की एकाच पानदानातून विडा खाल्ला होता.

"सरकार," शेणवी लवून म्हणाले, "सुलेमान बिन खलफान हा सावकार आपल्या गडाचा अभयाचा कौल घेऊन आला आहे. 'बेलाशक यावं' असं त्याला मीच कळवलं. गलबत फुटलेलं नाही, अडकलेलं आहे. फुटलं कशाला म्हणायचं, ते जकातदारांना पुसावं."

सारी सदर पंतांकडे वळली. खोटे बोलायचे सुचायला जेवढा वेळ लागतो तेवढाही पंतांना मिळाला नाही, म्हणून ते खरे बोलून गेले.

"गलबतावर धन्याचा माणूस जिवंत असताना जकातीचा शिक्का मालावर पडला, तर माल बंदरात आला असं धरतात. जकात घ्यावी, माल आणि माणसं सोडून द्यावी. वर कुणीच नसेल, तर ते गलबत बेवारशी."

"आता वर कोण आहे?" हवालदारांनी हसून विचारले. "धन्याची सारी माणसं तर आमच्या कोठडीत!"

"मी धन्याचाच माणूस आहे," शेणवी म्हणाले. "मुखत्यारी माझ्या नावाची आहे. ओहोटी लागली की वर जाऊन बसतो. पंत, शिक्का घेऊन या."

ते गेले. धाकू कोळ्याने त्यांना आपल्या होडीतून खडपावर सोडले. पन्नाशी उलटलेला तो स्थूल गृहस्थ दोरखंडाला धरून कसाबसा वर चढला, तेव्हा किनाऱ्यावरचे लोक हसले. पंतही हसले, आणि ते हसू त्यांना पुढे जन्मभर सलत राहिले.

धाकू परतला मात्र, हवालदारांचा हुकूम सुटला: दर्या खवळलेला आहे, एकही होडी पाण्यात जाता कामा नये. संध्याकाळी त्यांनी पंतांना बोलावून जवळ बसवून घेतले.

"पंत, तुमच्या जिवाची आम्हांस काळजी. वय झालं. दर्या निवळेस्तोवर घरी पडून राहावं. तुमच्या चिरंजीवांची नेमणूकही आता व्हायची आहे."

त्यात धमकी किती आणि माया किती, हे पंतांना लगेच कळले. ते "आज्ञा" म्हणाले आणि घरी जाऊन खरोखरच पांघरूण घेऊन पडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीतून पाहिले. भरतीच्या लाटा गलबताच्या फळ्या उचकटत होत्या. डोलकाठीपाशी बसलेला माणूस उपरणे हलवत होता. तो कुणाला बोलावतो आहे हे पंतांना ठाऊक होते. जावे, असे दिवसभर त्यांच्या मनात आले, आणि दिवसभर त्यांचे पाय उंबऱ्यापाशी अडले. शेणव्याला माझी खात्री आहे, एवढे एकच त्यांना सहन होत नव्हते.

तिसऱ्या सकाळी उपरणे हलेनासे झाले.

तेव्हा मात्र पंत उठले. शिक्का कमरेला खोचून ते सरळ धाकूच्या दारी गेले आणि म्हणाले, "होडी काढ. हुकूम मोडल्याचा दोष माझा."

धाकूने वाद घातला नाही. त्याने होडी लोटली. तटावरून पहारेकरी ओरडत होते, पण जकातदारावर बंदूक झाडायची कुणाची छाती झाली नाही.

गलबतावर पंत एकटेच चढले. शेणव्यांनी लाटांनी ओढून नेऊ नये म्हणून पागोटे सोडून स्वतःला डोलकाठीशी बांधून घेतले होते. डोळे उघडे होते आणि किनाऱ्याकडे लागले होते. पंतांनी त्यांच्या गालाला हात लावला. थंडगार.

पंतांना ओरडून रडावेसे वाटले. पण खाली होडीत धाकू होता. त्यांनी मोठ्याने बोलायला सुरुवात केली, "शेणवीबाबा, आलो हो! उशीर झाला, रागावू नका. हा बघा, तुमच्यादेखत शिक्का मारतो." बोलता बोलता त्यांनी तांब्याच्या गाठोड्यांवर शिक्के उठवले. शिक्के स्वच्छ उमटले.

मग दोघांनी मिळून शव होडीत घेतले. धाकूने ताठरलेले पाय धरले, पंतांकडे एकदा पाहिले आणि काही विचारले नाही.

सदरेवर हवालदार संतापाने लाल झाले होते. "हे प्रेत थंड पडलं आहे!"

"दर्याचं पाणी थंड होतं, सरकार."

"शिक्का पडला तेव्हा हा जिवंत होता म्हणता? बेलभंडार उचलून शपथ घ्याल?"

पंतांनी बेलभंडार उचलला. आयुष्यात कधी खोटे न बोललेला तो माणूस भर सदरेत, देवाला साक्ष ठेवून म्हणाला, "जिवंत होते. माझ्याशी बोलले. होडीत घेताना प्राण गेला."

धाकूला विचारले. तो म्हणाला, "पंत वर बोलत होते, ते म्या ऐकलं."

यापुढे हवालदारांचा इलाज चालेना. केसोपंतांच्या शपथेवर अविश्वास दाखवावा, तर दरबारात हवालदारांवरच कुणी विश्वास ठेवला नसता. कोठडीची दारे उघडली. सुलेमानने बाहेर येताच आधी प्रेताजवळ बसून शेणव्यांचे पाय धरले. मस्कतला जाणारे दुसरे जहाज येईपर्यंत त्याची माणसे बंदरातच थांबली. पंतांनी त्याच आठवड्यात जकातीचा कारभार सोडला. मुलाची नेमणूक झाली नाही.

तेरावा उलटल्यावर ते शेणव्यांच्या घरी गेले. वहिनी माजघराच्या दाराआड बसल्या होत्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ते तुमच्याशी बोलले म्हणे. काय बोलले?"

पंतांनी याची तयारी केली नव्हती. त्यांना काहीतरी दिलासा द्यावा म्हणून ते म्हणाले, "तुमचं नाव घेतलं, वहिनी."

"माझं नाव?" आतला आवाज कापला. चारचौघांत नवऱ्याने बायकोचे नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती. "कोणतं? माहेरचं, की सासरी ठेवलेलं?"

पंतांना दोन्हींपैकी एकही नाव ठाऊक नव्हते. ते जायला उठले.

"म्हणजे तुम्ही पोचलात तेव्हा ते गेलेच होते," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या.

पंतांनी मान खाली घातली. "एक दिवस आधी आलो असतो तर..."

"भावजी, हे आणखी कुणाला बोलू नका," त्यांनी पंतांना मध्येच तोडले. "ती माणसं अजून बंदरात आहेत. ह्यांची वकिली फुकट जायची."

एवढे बोलून झाल्यावर मग त्या रडू लागल्या.