कुदळीवरचा वेल्डिंगचा टाका

शनिवार, संध्याकाळचे साडेसात. हमरस्त्याजवळचं बैठं घर. वीज गेलेली. मास्तर मागच्या खोलीत मेणबत्तीच्या उजेडात एक गंजकी कुदळ घासत बसले होते.

हे मास्तर माझ्या चांगल्या ओळखीचे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. तांत्रिक शाळेच्या वर्कशॉपमध्ये त्यांची उभी हयात गेली. जमिनीत सापडलेलं कुठलंही हत्यार पुढे ठेवा, ते कधीचं, भट्टीतलं की कारखान्यातलं, चटकन सांगायचे. बायको म्हणायची, लोखंडाचं वय बरोबर कळतं यांना, माझंच दरवेळी चुकतं.

त्याच सकाळी जावयाच्या बांधकामावर पाया खणताना दोन कुदळी आणि एक फावडं सापडलं होतं. त्यांच्याखाली हाडं. काम अडकलं तर जावई बुडणार होता, आणि त्याच्याबरोबर मास्तरांची लेक. फौजदार यायच्या आत तो कानाशी लागला, "मामा, शंभर वर्षांपूर्वीचं आहे, एवढंच म्हणा."

मास्तरांनी कुदळ उचलली. गंज जाड होता, पण गंजावरून वय ठरत नाही. ओल्या मातीत तो चार पावसाळ्यांतही चढतो. त्यांचा अंगठा टोकाशी अडला. तिथं वेल्डिंगचा टाका होता. शंभर वर्षांपूर्वी त्या भागात वीजच नव्हती, मग तो मारला कुणी? मास्तरांनी टाक्यावर चिखल फासला आणि सांगितलं, फार जुनं आहे. फौजदारालाही तेच ऐकायचं होतं. दुपारी हाडांवर काँक्रीट पडलं.

तीसेक वर्षांपूर्वी तिथंच पाण्याच्या पाइपासाठी चर खणणारे मजूर एका रात्रीत पळून गेले, असं तेव्हाच्या ठेकेदारानं सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पळणारा मजूर स्वतःची कुदळ टाकून जातो का, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही. मास्तरांनीही नाही.

येताना बरोबर आणलेल्या त्या कुदळीवरचा टाका आता स्वच्छ दिसू लागला. मास्तरांनी तारेचा ब्रश खाली ठेवला.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, पुरे करा ते घासणं. दात शिवशिवतात."

मास्तरांचे हात मांडीवर होते.

आवाज चालू होता.

खर्र... खर्र...

फरशीखालून.

बायको दारात आली. त्यांचे रिकामे हात पाहिले.

आवाज थांबला.

मास्तरांनी जावयाला फोन लावला. "मी खोटं बोललो. उद्या फौजदाराला खरं सांगणार."

जावई म्हणाला, "मामा, हिचा तरी विचार करा."

"तिचाच विचार केला होता सकाळी."

रविवारी उजाडताच मास्तर फौजदाराला घेऊन गेले. काँक्रीटला माणूस जाईल एवढं भोक पडलं होतं. रखवालदारानं रात्रभर कुणाला पाहिलं नव्हतं. फौजदार म्हणाला, कुणीतरी वरून फोडलंय.

मास्तरांनी एक तुकडा उचलून उलटा केला. मग दुसरा. मग तिसरा.

हाडं जागच्या जागी होती. कुदळीचे घाव मात्र सगळे खालच्या बाजूला होते.