कपाळावरची आठी

डॉक्टर सुरभी जिना चढून वर आल्या तेव्हा अश्वजित केळं सोलत होता. त्यांचे डोळे पाहून त्याने ते तसंच कागदावर ठेवलं आणि खुर्ची पुढे केली.

उमरखेडच्या बसस्थानकासमोर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या त्या एका खोलीत वर्षा राठोडचं ऑफिस होतं. लग्नाआधीच्या चौकशा, विम्याच्या भानगडी, घर सोडून गेलेली माणसं, असं काहीबाही तिथे येई. अश्वजित एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होता. निवृत्त झाल्यावर घरी करमेना म्हणून तो वर्षाच्या मदतीला लागला. ती त्याच्याहून वीस वर्षांनी लहान होती आणि तिचं डोकं जलद गाडीसारखं धावे. आपलं मात्र प्रत्येक थांब्यावर थांबतं हे अश्वजितला ठाऊक होतं, आणि त्याचं त्याला वाईट वाटत नसे.

"शुक्रवारी माझ्याविरुद्ध तक्रार जाणार आहे," सुरभी म्हणाल्या. "मी न दिलेल्या इंजेक्शनबद्दल. दवाखाना उघडून दीड वर्ष झालंय, वर्षाताई. इथे बातमी पसरायला तक्रारीचा निकाल लागावा लागत नाही. परवापासून चार पेशंट आलेत फक्त."

"पहिल्यापासून सांगा."

फुलसावंगीच्या विमलताई दोन सप्टेंबरला सुरभींकडे आल्या होत्या. वय अठ्ठावन्न, घरची कापूस-तुरीची शेती. दोन भुवयांच्या मधे खोल आठी. ती घालवायची होती. सुरभींनी सुरकुत्या सैल करणारं इंजेक्शन दिलं. काही त्रास झाला नाही.

"ह्याचं कसं असतं," सुरभी समजावू लागल्या, "आज टोचलं की आज काहीच दिसत नाही. तीन-चार दिवसांनी स्नायू सैल पडायला लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण परिणाम दिसतो. तीन-चार महिने टिकतो, कुणाचा आधीच उतरतो. पण उतरला तरी पुढचं इंजेक्शन बारा आठवड्यांच्या आत मी देत नाही. आधीचं औषध अंगात असताना वरून दुसरं दिलं तर किती साचलं ते कळत नाही. आणि घाईघाईनं पुन्हापुन्हा घेतलं तर शरीर औषधाला दाद देईनासं होऊ शकतं."

"घेतल्यावर काही पथ्य?"

"चार तास आडवं व्हायचं नाही. कपाळ चोळायचं नाही. औषध सरकून पापणीच्या स्नायूत गेलं तर पापणी उतरते."

"आणि तेच झालं."

"उजवी पापणी. रविवारी सकाळी. शनिवारी त्या माझ्याकडे आल्या होत्या, म्हणून मुलीचं म्हणणं, मीच दिलं. मी सुईला हातसुद्धा लावला नाही. नऊच आठवडे झाले होते. त्या दहा मिनिटं बसल्या आणि एवढंच विचारलं की दोन डोस जवळजवळ आले तर काय होते. मला वाटलं, मागेच लागल्यात. मी म्हटलं, अडीच आठवडे थांबा, घाई नको. त्या गेल्या."

"विमलताई स्वतः काय म्हणतात?"

"काहीच नाही. तोंडच उघडत नाहीत."

वर्षा पेनाने टेबलावर ठकठक करत राहिली. "पहिल्या खेपेला आठी गेल्यावर खूश झाल्या असतील?"

सुरभी म्हणाल्या, "गंमत आहे. दोन आठवड्यांनी तपासायला आल्या तेव्हा मी आरसा पुढे केला. त्यांनी बघितलंच नाही. म्हणाल्या, मले नाही पाह्यचं, गेली ना? बस झालं."

दवाखान्यात औषधांच्या फ्रिजची किल्ली कंपाउंडर अंकुरकडे असे. सुरभींशी त्याची मागच्या महिन्यात सुट्टीवरून वाजली होती हे अश्वजितने आधीच काढून आणलं होतं, आणि त्याला तो संशयित फार पसंत पडला होता.

"शनिवारी एक बाटली फोडली," अंकुर रागानेच बोलला. "दोन पेशंट झाले, दोघींच्या सह्या आहेत, पाहून घ्या. विमलताईची सही नाही. अन् मॅडमशी भांडलो म्हनून मी काय कोनाच्या कपाळात सुया खुपसत फिरतो काय?"

"तसं कोन म्हनते?" वर्षा हसली.

"हे म्हनून राह्यले ना, डोळ्यानं!" त्याने अश्वजितकडे बोट दाखवलं.

बाहेर आल्यावर अश्वजित म्हणाला, "चिडखोर हाये. मले तर पक्का वाटते."

"भाऊ, काल त्या विम्याच्या भानगडीत तुमाले तो फुगेवालाही पक्का वाटला होता."

फुलसावंगीत विमलताईंच्या अंगणात कापसाची गाठोडी उतरत होती. त्यांच्या मुलीने, नयनने, दार उघडलं. ती नागपूरला नोकरीला होती आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी आली होती. बोलणं नीट, आवाज थकलेला.

"माझी आई आयुष्यभर आरशात बघून कुंकू लावायची तेवढंच. तिला साठीला आल्यावर हा सोस कुणी लावला? त्या डॉक्टरनंच ना! आधीच बाबांचं असं. मागच्या वर्षी लकवा झाला, उजवा हात गेला, आता आठवणही राहत नाही. मी नागपूरला त्यांच्यासाठी एक चांगली जागा बघितलीय, चोवीस तास नर्स असते. आई ऐकत नाही. आणि स्वतः इंजेक्शनं घेत फिरते."

"तुम्ही इथे नसताना रोज बोलता आईशी?"

"रोज रात्री, व्हिडिओवर. मागच्या मंगळवारीच बघा. ढाणकीला ब्लाउजपीस आणायला गेली होती, दुपारच्या बसनं आली, कंबर धरलेली. मी म्हटलं, आई, आडवी हो जरा. ऐकेल तर शपथ. लाकडी खुर्चीत ताठ बसून राहिली, मी फोन ठेवीपर्यंत. बाबा सारखे तिच्याभोवती घुटमळत होते. हट्टीपणा नुसता!"

विमलताई स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. उजवी पापणी अर्धी मिटलेली, त्यामुळे चेहरा पेंगुळल्यासारखा दिसत होता. त्यांनी चहा टाकला, बिस्किटं मांडली, आणि वर्षाच्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं.

"जाऊ द्या ना बाई. होईन बरं."

"डॉक्टरीणबाईचं नाव खराब होऊन राह्यलं, काकू."

विमलताईंचा हात शेंगांवर थांबला. "ते पोरगी भली हाये," त्या हळूच म्हणाल्या. मग पुन्हा शेंगा.

अश्वजित ओसरीवर विमलताईंच्या नवऱ्याजवळ, वामनरावांजवळ, बसला होता. गोरेपान, स्वच्छ दाढी केलेले, उजवा हात मांडीवर निपचित. आपल्याला ह्यातलं काही कळत नाहीय ह्या विचाराने अश्वजितच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. वामनराव एकदम अस्वस्थ झाले. समोर सरकले, डावा हात उचलला आणि अंगठ्याने त्याच्या भुवयांमधली आठी पुसू लागले, मधून बाहेर, उजव्या डोळ्याच्या दिशेने, पाटीवरचं पुसावं तशी.

"रागावू नको," ते म्हणाले. "रागावू नको ना गा."

"नाई रागावलो मी, बापूजी," अश्वजित गोंधळून म्हणाला. दारात उभी असलेली वर्षा ते पाहत होती. तिने काही विचारलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र तिने त्याला त्याच्या कपाळाला कुठे हात लागला ते बोट ठेवून दाखवायला लावलं. अश्वजितला वाटलं, आता हिचंही काहीतरी झालं.

ढाणकीत सलोनीचं पार्लर मेन रोडवर होतं. दारावरच्या पाटीत खाली लाल अक्षरं होती: 'दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बाहेरगावचे त्वचातज्ज्ञ.'

"फुलसावंगीच्या विमलताई?" सलोनीने केस विंचरता विंचरता मान हलवली. "माझ्याकडं येनाऱ्या बायांची नावं मी कोनाले सांगत नाही. नवऱ्यालेबी नाही, तुमाले तर नाहीच. बाया इथं विश्वासानं येतात, मॅडम."

"बरोबर आहे. मग नाव नको. तुमचे डॉक्टर काही विचारून घेतात का सुई देण्याआधी?"

"म्हंजे काय! फॉर्म असते. आधी कधी घेतलं, कोनत्या तारखेले. तीन महिने झाले नसतीन तर ते हातच लावत नाहीत, वापस पाठवतात. मंग घरी जाऊन काय करायचं, काय नाही, ते मी स्वतः दोन-दोनदा सांगतो."

"आणि फॉर्मवर बाईनंच खोटं लिहिलं तर?"

सलोनीचा कंगवा थांबला. "तर डॉक्टर काय करन, सांगा?" ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने हळू आवाजात विचारलं, "जास्त त्रास आहे काय त्याईले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षाने सुरभींना घेऊन फुलसावंगी गाठलं. नयनने तक्रारीचा टाइप केलेला कागद आणून टेबलावर ठेवला. विमलताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. वामनराव बाहेर ओसरीवर ऊन खात होते.

सुरभींनी आधी विमलताईंना तपासलं. "गिळायला त्रास? श्वासाला? एकाचं दोन दिसतं?"

"नाही बाई."

"मग काळजी नाही. काही आठवड्यांत पापणी उचलेल. थेंब देते."

"आता मी बोलते," वर्षा म्हणाली, "आणि हळूच बोलते, ओसरीवर ऐकू जायला नको. नयनताई, तुमचा सगळा आरोप शनिवारवर उभा आहे. शनिवारी दवाखाना, रविवारी पापणी. पण हे औषध एका रात्रीत काम करत नाही. तीन-चार दिवस घेतं. रविवारी उतरलेली पापणी शनिवारच्या सुईची असूच शकत नाही. सुई त्याआधीची, त्याच आठवड्यातली."

"कुणाची?"

"मंगळवार. तुमची आई ढाणकीहून कंबर धरून आली आणि तुम्ही सांगूनही आडवी झाली नाही. हट्टीपणा नव्हता तो. सुई घेतल्यावर आडवं व्हायचं नसतं, हे त्यांना पहिल्या वेळीच सांगितलं होतं. चार तास कधी संपले ह्याचा हिशेब चुकेल म्हणून त्या रात्रीपर्यंत ताठ बसल्या. आणि ढाणकीत पहिल्या मंगळवारी बाहेरचे डॉक्टर येतात."

"पण तो डॉक्टर नऊ आठवड्यांत देईलच कसा?"

"नाही देणार. म्हणून त्याच्या फॉर्मवर पहिलीच वेळ असं लिहिलं गेलं. काकू, चुकलं तर सांगा."

विमलताईंनी मान खाली घातली.

"मग शनिवारी डोळा जड वाटायला लागला तेव्हा घाबरून डॉक्टरांकडे गेलात. दोन डोस जवळ आले तर काय होते, हे तुम्ही मागायला नाही, झालेलं सांगायला विचारलं होतं. पण धीर झाला नाही."

सुरभींनी कपाळावर हात मारला. "आणि मी प्रवचन दिलं!"

"तरी पथ्य पाळलं होतं तर पापणी का उतरली?" नयन म्हणाली. "म्हणजे तिथल्या डॉक्टरनं चुकीचं टोचलं."

"मलाही आधी तेच वाटलं असतं. पण काल अश्वजितभाऊंच्या कपाळावर आठी पडली होती. ती तुमच्या वडिलांनी पुसली. डाव्या अंगठ्यानं, कारण उजवा उचलत नाही. समोर बसून डावा अंगठा मधून बाहेर नेला की तो समोरच्याच्या उजव्या डोळ्याकडे जातो. मंगळवारी सुई घेतली तरी आठी त्या संध्याकाळी होती तशीच होती, ती जायला दिवस लागतात. आणि तुम्हीच म्हणालात, बाबा आईभोवती घुटमळत होते."

अश्वजितचा हात नकळत स्वतःच्या उजव्या भुवईकडे गेला.

"एक उरलं," वर्षा म्हणाली. "ज्या बाईनं आरसा बघितला नाही, तिनं ही आठी कुणासाठी घालवली?"

विमलताई चौकटीवरून हलल्या नाहीत. पण त्या बोलल्या, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबल्या नाहीत.

"चाळीस वर्षं उनात डोळे बारीक करून कापूस येचला, नयन. त्याची आठी हाये ते. मी कायले रागावू? पन त्याईले कधी कधी मी कोन हे आठवतच नाही. समोरची बाई रागावली एवढंच कळते. मंग भेतात. ताट लोटून देतात. पह्यली सुई घेतली अन् दसरा, दिवाळी, दोन्ही सणाले पोटभर जेवले. दिवाळी सरली अन् आठी वापस आली. हे पुसत बसायचे, पुसत बसायचे, अन् जाईना की रडायचे. पुढच्या सुईपर्यंत मी कशी थांबू?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुले सांगितलं असतं, तर तू म्हटलं असतं, बाबा आता तुले भेतात, त्याईले नागपूरले ठेवू. अन् पापणी त्याईच्या हातानं उतरली म्हटल्यावर तर नेलंच असतं. डॉक्टरीणबाई, तुमचं नाव जाऊन राह्यलं हे मले दिसत होतं. दोन रात्री झोप नाही. माफ करा."

नयनने तक्रारीच्या कागदाची मधोमध घडी घातली, आणखी एक घातली, आणि तो फाडला.

"डॉक्टर, गावात ज्यांना ज्यांना मी सांगितलं त्यांना मीच फोन करेन, आजच," ती सुरभींना म्हणाली. "आणि आता पुढची तारीख कोणती धरायची?"

"त्या मंगळवारपासून बारा आठवडे. सत्तावीस जानेवारी. त्याच्या एक दिवसही आधी नाही. काकू, ह्या खेपेला शरीर औषधाला दाद देईनासं झालं असतं तर तुमच्याजवळ काहीच उरलं नसतं."

"अन् त्याच्याआधी उतरलं तर?" विमलताईंनी विचारलं.

"तर मी येईन," नयन म्हणाली. "मधले दोन-तीन आठवडे माझे. घरून काम करता येतं मला. त्या दिवसांत बाबांना जेवायला मी वाढेन, तू त्यांच्या मागे बस. आणि सत्तावीसला तुला ह्यांच्याकडेच घेऊन जाईन."

"अन् नागपूरची जागा?"

"राहू दे ती जागा."

सुरभींनी डोळे पुसले, पर्समधून कार्ड काढलं आणि त्यावर तारीख लिहिली.

निघायची वेळ झाली तशी विमलताईंनी जेवल्याशिवाय कुणाला सोडलं नाही. नयन ताट घेऊन ओसरीवर गेली आणि वडिलांसमोर मांडी घालून बसली. त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"तू कोनाची पोरगी, बाई?"

नयनचा घास हातातच राहिला. अश्वजितने तोंड फिरवलं. त्याला तीन मुली होत्या.

"तुमचीच," ती म्हणाली. "भाकर देऊ अजून?"

वामनरावांनी डावा हात पुढे केला.

"दे," ते म्हणाले. "अर्धी दे."