न बसणारं कार्ड

“इथं दुरुस्ती कोण करतं?” दारातल्या तरुणानं विचारलं आणि तिचं डोकंच फिरलं. हातात स्क्रू-ड्रायव्हर, समोर उघडा कंप्युटर, आणि तरी हा विचारतो, दुरुस्ती कोण करतं!

“मी काय इथं शोभेला बसलेय?”

तो ओशाळून हसला. आवाज मात्र असा, की रागावलेल्या माणसानं राग विसरावा. तिला त्याचाही राग आला.

कार्टूनमधल्या बेडकाला तो आवाज द्यायचा. त्याआधी गाढव, आणि एकदा नुसतं कुरकुरणारं दार. घरी रेकॉर्डिंग करताना खरखर येत होती, म्हणून तो आपला कंप्युटर घेऊन आला होता. तिनं मदरबोर्ड तपासला, जुनी डिस्क काढून नवी बसवली आणि वेगळं साउंड कार्ड आणायला सांगितलं. कुठल्या स्लॉटमध्ये बसतं ते बोट ठेवून दाखवलं. मनातल्या मनात त्याचं नावही ठेवलं... बेडूकराव.

बेडूकरावांनी आणलेल्या कार्डाची खाच त्या स्लॉटशी जुळेचना.

“डोळे काय घरी ठेवून आलात?”

“नाही, आणलेत की,” तो तिच्याकडे बघत म्हणाला.

पुढचं कार्ड बसलं, पण कंप्युटर त्याला ओळखच दाखवेना. इतकं जुनं, की नव्या कंप्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर त्याच्यासाठी कुणी केलंच नव्हतं. ते शोधण्यात तिचं जेवण राहिलं. आपल्यालाच काही येत नाही असं वाटून ती रडकुंडीला आली. तो शेजारच्या स्टुलावर बसून तिला बेडकाच्या आवाजात धीर देत होता, आणि ती चिडता चिडता हसत होती. तो गेल्यावर दुकान उगाचच मोठं वाटायला लागलं.

शेवटी तिनं मामांना फोन लावला. तिच्या गिऱ्हाइकांना सुटे भाग मामांच्याच दुकानातून जायचे.

“मामा, त्याला भलतीच कार्डं काय देता?”

“अगं, बरोबर कार्ड पहिल्याच दिवशी काढून ठेवलं होतं मी. तोच म्हणाला, हे राहू द्या, त्या बोर्डावर न बसणारं एखादं द्या!”

“आणि तुम्ही दिलंत?”

“मुलगा बरा वाटला गं...”

तिनं फोन आपटला. माणसाला काही लाज? ती उपाशी राहून खपत होती आणि हा मजा बघत होता!

तेवढ्यात तोच दारात हजर. काखेत कंप्युटर, चेहरा उतरलेला.

“आज खरंच चालत नाहीये हो—”

“बाहेर व्हा! सगळं कळलंय मला. माझ्या वेळेला काही किंमत आहे की नाही?”

“आहे. चुकलंच माझं.” त्यानं मान खाली घातली. “पण आजचं कार्ड बरोबर आहे. रेडिओवरच्या नाटकात नायक हवाय. संध्याकाळपर्यंत आवाज पाठवायचाय. आजवर माणसाची भूमिका कुणी दिलीच नाही मला...” तो वळला. “असू दे. बेडूक तर आहेच.”

“ठेवा तो डबा इथं,” ती खेकसली.

कार्ड खरंच बरोबर होतं, नीट बसलेलंही होतं. तरी आवाज नाही. तिनं ते पुसून पुन्हा बसवलं, तरीही नाही. मग तिची नजर स्वतःच बसवलेल्या डिस्कवर गेली आणि कान तापले. या बोर्डावर त्या जागी डिस्क घातली की खालचा स्लॉट आपोआप बंद पडतो. हे तिला माहीत होतं, पण त्या दिवशी त्याच्या गप्पांत ती साफ विसरली होती.

“चूक माझी आहे,” ती त्यालाच दटावल्यासारखं म्हणाली. “हसलात तर याद राखा.”

तो हसला नाही. तिनं डिस्क दुसऱ्या जागी हलवली. कंप्युटर सुरू झाला आणि कार्ड लगेच दिसलं. रस्त्यावरचा गोंगाट नको म्हणून तिनं शटर ओढलं, पंखा बंद केला. तो पिशवीतून आणलेला माइक जोडून त्याच्यासमोर उभा राहिला... आणि त्या घामट खोलीत एक धीरगंभीर, प्रेमळ माणूस बोलू लागला. खरखर अजिबात नाही. ती हातातला स्क्रू फिरवत राहिली.

रेकॉर्डिंग वेळेत गेलं. मग तो माइकची वायर गुंडाळू लागला. उलगडून पुन्हा गुंडाळू लागला.

“आता काहीच बिघडलेलं नाही, नाही का?”

“नाही.”

“म्हणजे यायला काही कारण—”

“कारण लागतं?” तिचा पारा पुन्हा चढला. “इतका सुंदर आवाज दिलाय देवानं! सरळ येऊन सांगायचं ना, तुम्ही मला आवडता म्हणून! मुकी कार्डं कसली आणता?”

“तुम्ही... तुम्ही मला आवडता.”

हा आवाज बेडकाचा नव्हता, नायकाचाही नव्हता. कापरा होता, त्याचा स्वतःचा होता.

तिनं घाईनं पंखा लावला, शटर वर ढकललं. चेहरा दिसू नये म्हणून पाठ करूनच उभी राहिली.

“उद्या या,” ती रागानंच म्हणाली. “आणि खबरदार, हातात काही आणलंत तर!”