‘नाही’चं बटण

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी शपथा घालत बसणार नाही. पण हे घडलं ते माझ्याच फोटो स्टुडिओत, भर दुपारी, बाहेर रस्त्यावर माणसांची ये-जा चालू असताना.

ताईला जाऊन महिना झाला होता.

स्टुडिओ आम्हा भावंडांचा. आतल्या खोलीत ती फोटो काढायची, बाहेर मी ते कॉम्प्युटरवर साफ करायचो. ती बुटकी. गिऱ्हाईक उंच असलं की स्टुलावर चढायची. मग आतून तिचा आवाज यायचा, "हनुवटी जरा खाली..."

आणि क्लिक.

आई महिनाभर रडत होती. मला रडू आलंच नव्हतं. मी आपला पासपोर्टचे फोटो कापत बसायचो.

"तिचा एक फोटो लाव रे भिंतीवर," आई म्हणाली. "दुसरं काही नको मला."

पण कॅमेऱ्यामागे उभं राहणाऱ्याचा फोटो काढतो कोण? शोधून शोधून एकच मिळाला. लग्नातला, घोळक्यातला. शेजारी मामा, त्याचा हात ताईच्या खांद्यावर.

बाकीचे पुसायचे होते. नेहमीचं सॉफ्टवेअर नेमकं बंद पडलेलं, म्हणून एक फुकटचं उतरवलं. "फुकट ते पौष्टिक," असं ताई मला चिडवायची. ती प्रत्येक ओळ वाचून मगच बटण दाबायची. मी मात्र पुढे, पुढे, पुढे.

एका पाहुण्याला बोलवावं आणि त्याचं अख्खं खटलं दारात उभं राहावं, तसं झालं. हवामान सांगणारं काहीतरी आलं, जाहिराती आल्या, कुठलीशी शोधपट्टी आली. आणि खाली कोपऱ्यात एक करडी चौकट.

तिला नाव नव्हतं.

मी ताईभोवती रेघ ओढली आणि बटण दाबलं.

निवड उलटी राहिली होती. बाकी सगळे जागच्या जागी... ताई पुसली गेली. मामाचा हात हवेत.

आमच्या कामात असं होतं. मी लगेच मागे घेतलं, ताई परत आली.

तेवढ्यात ती चौकट उघडली.

‘या व्यक्तीला सगळीकडून काढू?’

खाली दोन बटणं. ‘हो’ आणि ‘नंतर’.

‘नाही’ नव्हतंच. मी ‘नंतर’ दाबलं.

आतल्या खोलीत स्टूल सरकलं...

"हनुवटी जरा खाली..."

आवाज तिचाच होता. मी आत गेलो. कुणी नव्हतं.

स्टूलही नव्हतं.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. ताईचा शाळेपासूनचा मित्र. ती गेली तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडला होता.

"अरे, वऱ्हाडच बोलावलंस की!" तो हसला. एकेक करून त्याने सगळं काढलं. "झालं बघ साफ."

"आणि ही करडी चौकट?"

"कुठली?"

ती त्याच्या नाकासमोर उघडी होती.

"जाऊ दे," मी म्हणालो. "ताई असती तर तिने वाचून दाबलं असतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"कोण ताई?"

घरी गेलो. दाराजवळ तिच्या चपला नव्हत्या. आत आई चक्क गुणगुणत होती.

"आई, ताईच्या चपला कुठे गेल्या?"

"कुणाच्या? डोकंबिकं फिरलं का तुझं? एकुलता एक तू माझा."

किती दिवसांनी ती हसत होती. तिला पुन्हा रडवायला माझी जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी तो फोटो उघडला. मामाचा हात हवेत होता. या वेळी मागे घेण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

तेव्हापासून चौकट रोज दुपारी उघडते. मजकूर बदललाय.

‘एकाच ठिकाणी शिल्लक आहे. काढू?’

ते ठिकाण म्हणजे मी.

मी ‘नंतर’ दाबतो. मला अजून तिच्यासाठी रडायचंय. त्याआधी तिला जाऊ द्यायचं नाही.

...

वरचं सगळं काल लिहिलं होतं.

आज दुपारी चौकट आली नाही. काल शेवटी मी काय दाबलं, ते आठवत नाही.

आत्ता हे पुन्हा वाचून काढलं. अक्षर न् अक्षर माझंच आहे. त्या ताईचं वाईट वाटलं. पेपरातल्या बातमीचं वाटतं, तेवढं.

फक्त एक कळत नाही. मघाशी एक गिऱ्हाईक आलं. मी कॅमेऱ्यामागे उभा राहिलो आणि तोंडातून आपोआप निघालं...

"हनुवटी जरा खाली..."

आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते अजून थांबत नाहीये. कुणासाठी, ते मला माहीत नाही.