पिस्टनच्या आधी

"हा पिस्टन इतक्यात घेऊ नका."

स्पेअर पार्टच्या दुकानात, काउंटरवरच्या माझ्या खोक्यावर कुणीतरी बोट ठेवलं होतं. नखांच्या कडेला काळं ऑइल, आणि डोळे... डोळे मात्र अगदी शांत.

"का बरं?" मी जरा घुश्श्यातच विचारलं. "महिन्यावर घाटातली शर्यत आलीय. मला बाइकमध्ये ताकद हवीय."

"हवीच. पण आधी ट्यूनिंग कशानं करणार ते ठरवा. मोठा पिस्टन जास्त हवा ओढणार. पेट्रोल किती, ठिणगी कधी — हे त्याला सांगायला कुणी नको?"

मला हसूच आलं. मी दातांची डॉक्टर. एक्स-रे काढल्याशिवाय दाढेला हात लावत नाही, आणि इथे सरळ इंजिन उघडायला निघाले होते!

"मॅडम, हे ट्यूनर आहेत," दुकानदार म्हणाला. "मागच्याच गल्लीत गॅरेज आहे."

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेले. त्यानं ती ताकद मोजायच्या रोलरवर चढवली, चालू केली आणि डोळे मिटून नुसता ऐकत राहिला. मी इंजिन सोडून त्याच्याकडेच बघत होते...

फळीवर ट्यूनिंगची एक छोटी पेटी होती. दोन वर्षं खपून त्यानं स्वतः बनवलेली.

"मग हीच लावा की," मी म्हणाले.

"नको. ही फक्त पेट्रोल वाढवते. ठिणगीची वेळ हिला बदलता येत नाही. ती चुकली तर ऐन चढावर इंजिन फुटेल... आणि वर तुम्ही बसलेल्या असाल." शेवटचं वाक्य त्यानं पाना पुसत, खाली बघत म्हटलं.

"मग काय करायचं?"

"गाडीच्या कॉम्प्युटरचाच प्रोग्राम नव्यानं लिहायचा. ते काम माझी ताई माझ्यापेक्षा छान करते."

स्वतःच्या मेहनतीची उणीव अशी सहज सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मी म्हटलं, "ठरलं. प्रोग्रामच."

मग पिस्टन आला, बसला. दवाखाना आटोपला की माझे पाय — म्हणजे चाकं — गॅरेजकडे वळायची. एका संध्याकाळी ताई लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली, "ट्यूनिंग परवाच झालंय हं. हाच उगाच उद्या या, उद्या या करतोय."

"ताई!" त्याचे कान लालेलाल.

शर्यतीत मी दुसरी आले. शेवटच्या वळणावरही गाडी अडखळली नाही. तो वर उभा होता, आपणच घाट चढून आल्यासारखा धापा टाकत.

"काय सुरेख चढलात!"

"गाडी ना?"

"तुम्ही." तो थांबला. "आता गाडीत करण्यासारखं काही उरलं नाही. तरी... गॅरेजवर येत जाल?"

"नाही."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"गॅरेजमध्ये ताई असतात," मी म्हणाले. "फिरायला जाऊ. पण गाडी माझी आहे, चालवणार मी. मागे बसाल?"

त्यानं शेजारच्याचं हेल्मेट मागून घेतलं, डोक्यात घातलं, आणि माझ्या मागे बसला.