काढला?

ट्रॅक्टर बाबांच्या वयाचा आणि स्वभावानेही त्यांच्यासारखाच: मनात आलं तर बोलणार, नाहीतर दिवसभर गप्प. नऊ वर्षं तो शेडमध्ये उभा होता. भंगारात घालण्याआधी मालकाने एकदा मिस्त्रीला, म्हणजे बाबांना, बघायला बोलावलं होतं. सकाळपासून ठिणगीच पडत नव्हती.

बॅटरी नवी, वायरी नव्या. बाबांनी पॉइंट घासून लख्ख केले. मग ठिणगी पडते का बघायला एकेक प्लग काढून इंजिनाला टेकवून धरू लागले. पुढून इंजिन फिरवायचा दांडा घालून तो फिरवायचं काम लेकीचं. शाळेला दांडी मारून दांडा फिरवायला आलीस, असं बाबा म्हणाले. पण खूश होते. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ते तिला पान्यालाही हात लावू देत नसत.

रेडिएटरच्या आडून दोघं एकमेकांना दिसत नव्हते. म्हणून नियम एकच. तिने विचारायचं, "काढला?" बाबांनी पंख्याजवळचा हात बाजूला घेऊन म्हणायचं, "काढला." मगच फिरवायचं. त्या दोन हातांवर घर चालत होतं. हा नियम तिला पाढ्यांपेक्षा पक्का पाठ होता.

तिसऱ्या प्लगला तिने विचारलं, "काढला?"

"काढला."

तिने फिरवला. बाबा मनगट चोळत पुढे आले. थोडक्यात वाचलो, म्हणाले. उत्तराची वाट बघायला तुझं काय जातं? तुम्हीच तर म्हणालात, असं तिने सांगितलं. बाबांनी मान वर करून छताकडे बघितलं. मग म्हणाले, पत्र्याची शेड आहे, तुझाच शब्द घुमला असेल.

पण तिने प्रश्न विचारला होता. परत आला तो प्रश्न नव्हता.

बाबा पाणी प्यायला बाहेरच्या नळावर गेले. दारातून त्यांची पाठ दिसत होती. तिने बॉनेटकडे तोंड करून हळूच विचारलं.

"काढला," बाबांचा आवाज म्हणाला. अगदी जवळून.

नळावर बाबा चूळ भरत होते.

सांगितलं असतं तर ते हसले असते. तिने दांडा खाचेतून उपसला. बाबा आल्यावर म्हणाली, हात भरून आलेत, जरा थांबू. बाबा म्हणाले, बस तू, तोवर मी पंख्याचा पट्टा बघतो. ती दांडा घेऊनच निघाली, थेट कुंपणापर्यंत.

मागे इंजिन सुरू झालं. पहिल्या फटक्यात. एका लयीत.

ती धावली.

तीन बोटं गेली. उजव्या हाताची.

कसं झालं, असं डॉक्टरांनी विचारलं. चूक माझीच, बाबा म्हणाले. पोरीने विचारलं, मी घाईत 'काढला' म्हणालो.

ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. दांडा अजून तिच्या हातातच होता. तो कुठे ठेवायचा ते तिला सुचलं नव्हतं.

डॉक्टर गेल्यावर बाबांनी तिला जवळ बोलावलं. रागावले नव्हते. आवाज खाली आणून म्हणाले,

"बाकी जाऊ दे गं. पण फिरवताना हसत का होतीस?"